फायरवॉल विकत घेऊ नका, पण बंदही ठेवू नका

कर्वेनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरूनच काही छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितात आणि त्यांची जीएसटीची रिटर्न भरतात. पत्रातला मुख्य भाग असा:

"मध्यंतरी नवा प्रिंटर घेतला. माझ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघत होती, मुलाच्या लॅपटॉपवरून निघेना. दुकानातून आलेल्या मुलाने बरीच खटपट केली आणि शेवटी 'फायरवॉल मध्ये येतेय' म्हणून ती बंद केली. प्रिंट लगेच निघाली, पण तेव्हापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी सूचना येते. दुकानदार म्हणतात, वर्षाला हजार-दीड हजाराचं इंटरनेट सिक्युरिटी घ्या, त्यात फायरवॉल येते. पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणतो, काकू, घरात राउटर आहे ना, मग फायरवॉल कशाला? नववीतला मुलगा म्हणतो, चालू करूच नकोस, माझा गेम अडकतो. माझा कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज 10 चा. आणि माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? घरच्या कॉम्प्युटरला खरंच फायरवॉल लागते का?"

ताई, नमस्कार.

लागते. मात्र विकत घ्यावी लागत नाही, कारण ती तुमच्या विंडोजमध्ये पहिल्यापासून आहे आणि चांगली आहे. सध्या ती बंद आहे, म्हणून बाकीचं वाचण्याआधी तेवढी चालू करून या. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, त्यात 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. तिथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशी तीन नावं दिसतील. तिन्हींखाली फायरवॉल चालू असल्याचं लिहिलेलं हवं. जिथे नसेल तिथे आत जाऊन बटण सरकवा. मुलाच्या लॅपटॉपवरही हेच तपासा, कारण प्रिंटरच्या नादात दोन्हीकडची फायरवॉल बंद झाली असण्याची शक्यता बरीच आहे. असं केल्यावर लॅपटॉपवरून प्रिंट पुन्हा अडेल. घाबरू नका, त्याचा इलाज पुढे सांगतो.

आता ही फायरवॉल नेमकं काय करते ते पाहू, म्हणजे दुकानदार, पुतण्या आणि मुलगा या तिघांचं कुठे बरोबर आणि कुठे चूक ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रत्येक सेवेला नेटवर्कवर एक क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. विंडोजमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याचा पोर्ट 445, दुरून कॉम्प्युटर चालवण्याच्या रिमोट डेस्कटॉपचा 3389, सुरक्षित वेबसाइटचा 443. नेटवर्कवरून येणारा मजकूर छोट्या छोट्या पॅकेटमध्ये येतो आणि फायरवॉल प्रत्येक पॅकेटला एकच गोष्ट विचारते: तुला इथून कुणी बोलावलं होतं का? तुम्ही जीएसटीचं पोर्टल उघडता तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरने विनंती पाठवल्याची नोंद फायरवॉलकडे असते, म्हणून त्याचं उत्तर आत येतं. कुणीही न मागता 445 वर आलेलं पॅकेट मात्र ती टाकून देते, पाठवणाऱ्याला उत्तरही देत नाही. फोनच्या भाषेत सांगायचं तर इनकमिंग बंद, आउटगोइंग सुरू. विंडोजच्या फायरवॉलची मूळ मांडणी हीच आहे. यातलं 'आउटगोइंग सुरू' हे लक्षात ठेवा, कारण आजकालच्या फसवणुकीचं बरंचसं काम तिथूनच चालतं.

माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो आणि त्यामागे एक समज असतो, की कुणीतरी आधी आपल्याला हेरेल, मग आपल्या वाटेला जाईल. तसं होत नाही. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला आकड्यांचा एक पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही 4 चे, असे सगळे मिळून पत्ते साधारण 430 कोटी आहेत. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम लिहिला आणि एका साध्या कॉम्प्युटरवरून, जोडणी पुरेशी वेगवान असेल तर, या सगळ्या पत्त्यांवरचा एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत चाचपता येतो हे दाखवून दिलं. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता, पण तसली साधनं आज कुणालाही मिळतात आणि रात्रंदिवस चालू असतात. ज्यांच्या घरच्या राउटरला थेट इंटरनेटवरचा पत्ता मिळतो, त्यांनी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावरचा सिस्टीम लॉग, म्हणजे नोंदवही, एकदा उघडून बघावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. ओळींमागून ओळी असतात: तारीख, वेळ, कुठल्यातरी अनोळखी देशातला पत्ता, आणि शेवटी तेच ते आकडे. 23, 445, 3389. पुन्हा 23. तुम्ही कोण, काय करता, कर्वेनगरला राहता की कोथरूडला, हे त्यातल्या कुणालाही माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. जे उघडं सापडेल त्यात शिरायचं, आत काय आहे ते नंतर बघायचं.

आणि ताई, तुमच्याकडे खूप काही आहे. तुमच्या दुकानदारांचे पॅन, बँकेचे उतारे, खरेदी-विक्रीची बिलं, कदाचित त्यांच्या जीएसटी लॉगिनचे पासवर्डही. हे सगळं दुसऱ्याचं आहे आणि विश्वासाने तुमच्याकडे दिलेलं आहे, म्हणून ते स्वतःच्या वस्तूपेक्षाही जास्त जपलं पाहिजे. शिवाय हल्ली नुसती चोरी होत नाही. रॅन्समवेअर तुमच्या फाइली तिथल्या तिथेच वाचता येणार नाहीत अशा करून टाकतं आणि पैसे मागतं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारीख आणि 3बी ची 20. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी हिशेबाची एकही फाइल उघडत नाही, अशी वेळ आली तर तुम्ही त्या दुकानदारांना काय सांगणार आहात? चोराला तुमच्या डेटाची किंमत शून्य असली तरी तुम्हाला ती किती आहे, एवढं त्याला पुरतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण 'फायरवॉल लागत नाही' हा सल्ला कशामुळे धोक्याचा आहे ते त्यातून स्पष्ट होतं. विंडोज एक्सपी 2001 च्या ऑक्टोबरमध्ये आली. तिच्यात फायरवॉल होती, पण आपणहून चालू नसायची आणि ती कुठे आहे हे कुणाला ठाऊकही नसायचं. तेव्हा बहुतेक घरांत राउटर नव्हता. डायल-अप असो की केबलवाल्याने खिडकीतून आत घेतलेली वायर असो, ती सरळ कॉम्प्युटरला लागायची. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. त्याला तुम्ही काही उघडण्याची, कशावर क्लिक करण्याची गरजच नव्हती. इंटरनेट जोडलं की तो 135 क्रमांकाच्या पोर्टमधून आत यायचा, आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर चौकोन यायचा, की सिस्टीम बंद होत आहे. साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट. पुन्हा इंटरनेट जोडावं तर पुन्हा तेच. त्या काळात ज्यांनी कॉम्प्युटर वापरला, त्यांतल्या अनेकांना तो चौकोन अजून आठवत असेल. मायक्रोसॉफ्टने ही फट बुजवणारा अपडेट जुलैतच दिला होता, पण तो घ्यायला इंटरनेट जोडायचं आणि जोडल्यावर मिनिटभरात कॉम्प्युटर बंद, असा पेच. एक्सपीतली ती फायरवॉल चालू केली की मात्र वर्म बाहेर थांबायचा आणि अपडेट शांतपणे उतरवून घेता यायचा. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये, एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला आणि त्यात फायरवॉल मुळातच चालू ठेवली गेली. तेव्हापासून आजच्या विंडोज 11 पर्यंत ती चालूच मिळते. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला फायरवॉल हवी की नको, हा वाद कधीच मिटला आहे. आज ती बंद असते ती कुणीतरी मुद्दाम बंद केल्यामुळे, आणि बहुतेक वेळा प्रिंटर, शेअर केलेलं फोल्डर किंवा गेम हेच कारण असतं.

आता पुतण्याचं म्हणणं. त्याचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता 192.168 ने सुरू होणारा असेल. हे पत्ते फक्त घरापुरते असतात, बाहेरच्या इंटरनेटवरून त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. राउटर एका बाहेरच्या पत्त्यावर सगळ्या घराचं काम भागवतो, त्याला नॅट म्हणतात, आणि न मागता आलेली बहुतेक पॅकेट तिथेच गळून पडतात. बऱ्याच इंटरनेट कंपन्या तर हल्ली एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत मिळून वापरतात, त्यामुळे आणखी एक आडोसा होतो. ब्लास्टरसारखा वर्म आज घरात सहजासहजी शिरत नाही, त्याचं मोठं श्रेय राउटरला आहे. हे त्याला जरूर सांगा.

उरलेलं अर्धं असं, की राउटर घराच्या सीमेवर उभा असतो. घराच्या आतली उपकरणं एकमेकांशी बोलतात, त्यात तो पडत नाही. मुलाच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलं, पाहुण्यांनी त्यांचा लॅपटॉप तुमच्या वायफायला जोडला, किंवा दारावरच्या स्वस्त कॅमेऱ्यात कुणी घुसलं, की ते तुमच्या कॉम्प्युटरच्या शेजारी येऊन बसलं असं समजा. 12 मे 2017 ला जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर असंच पसरलं. ते 445 पोर्टमधून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप उड्या मारत गेलं आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. त्या फटीवरचा अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेला होता. अशा वेळी प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉल चालू असेल तर एकाचा आजार दुसऱ्याला लागणं अवघड होतं. शिवाय लॅपटॉप घरात थोडाच बसून राहतो? मुलगा उद्या तो क्लासला नेईल, तुम्ही गावाला जाताना पुणे स्टेशनवरच्या फुकट वायफायला जोडाल. तिथे तुमचा राउटर बरोबर येत नाही.

पुतण्याला आणखी एक गोष्ट विचारा: आयपीव्ही 6 चं काय? नव्या पद्धतीत पत्त्यांची चणचण नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरून दिसणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तिथे नॅटचा आडोसा नाही. राउटरमध्ये आयपीव्ही 6 ची वेगळी फायरवॉल असावी लागते आणि ती चालू असावी लागते. चांगल्या राउटरमध्ये असते, पण सगळ्यांत असेलच असं धरून चालू नका. तो त्या क्षेत्रातला आहे, तर एका रविवारी जेवायला बोलवा आणि एवढं त्याच्याकडून तपासून घ्या.

आता प्रिंटर, म्हणजे जिथून हे सगळं सुरू झालं. दुकानातल्या मुलाचं निदान चुकीचं नव्हतं, इलाज चुकीचा होता. वर पाहिलेल्या तीन नावांपैकी डोमेन हे ऑफिसच्या नेटवर्कसाठी असतं. घरी विंडोज नेटवर्कला उरलेल्या दोनपैकी एक वर्ग देते, पब्लिक किंवा प्रायव्हेट. नवं वायफाय जोडताना विचारलेल्या प्रश्नाला आपण घाईत 'नाही' म्हणतो, किंवा उत्तर देतच नाही, आणि घरचं नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलं जातं. पब्लिक म्हणजे स्टेशन, हॉटेल, कॅफे. तिथे विंडोज आपले प्रिंटर आणि फोल्डर कुणालाही दिसू देत नाही, आणि तसंच असायला हवं. तुमच्या कॉम्प्युटरने नेमकं तेच केलं. लॅपटॉपने प्रिंटर मागितला, कॉम्प्युटरला वाटलं आपण स्टेशनवर आहोत, त्याने तोंड बंद ठेवलं. अशा वेळी फायरवॉल बंद करायची नसते, कॉम्प्युटरला आपण घरी आहोत एवढंच सांगायचं असतं. विंडोज 10 मध्ये सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'. त्यात नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट करा. लॅपटॉपवरही तसंच. मग कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये प्रगत शेअरिंगच्या सेटिंग्ज असतात, त्यात फक्त प्रायव्हेटखाली 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. फायरवॉल चालू असतानाच प्रिंट निघेल.

पण मला विचाराल तर हेही करू नका. तुमचा प्रिंटर नवा आहे, म्हणजे त्याला बहुधा स्वतःचं वायफाय असेल. तो कॉम्प्युटरच्या केबलवरून काढून सरळ राउटरला जोडा आणि दोन्हीकडे नेटवर्क प्रिंटर म्हणून बसवा. त्याचे दोन फायदे. एक, मुलाला प्रिंट हवी म्हणून तुमचा कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही. दुसरा त्याहून मोठा: शेअरिंग चालू केलं की घराच्या आत का होईना, 445 पोर्ट उघडा राहतो, आणि वॉनाक्राय त्याच पोर्टमधून फिरलं होतं. ज्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांचे हिशेब आहेत, त्याने घरात कुणालाही काही शेअर करू नये हे उत्तम.

कधीतरी एखादा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना विंडोज चौकोन दाखवते, की या प्रोग्रामला नेटवर्कवर परवानगी द्यायची का. तिथे सवयीने 'अलाउ' दाबू नका. तुम्ही स्वतः आत्ताच सुरू केलेला, ओळखीचा प्रोग्राम असेल तर फक्त प्रायव्हेटवर खूण ठेवून परवानगी द्या. नाव ओळखीचं नसेल तर रद्द करा. चुकून योग्य प्रोग्राम अडला तर तो तक्रार करेल आणि नंतर परवानगी देता येईल.

दुकानदाराच्या पॅकेजबद्दल: निव्वळ फायरवॉलसाठी हजार रुपये घालवू नका. विंडोजबरोबर डिफेंडर हा अँटिव्हायरसही फुकट येतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. पैसे देऊन घेतलेल्या पॅकेजमध्ये इतर सोयी असतात, कुणाला त्या हव्या असतील तर घ्याव्यात. पण एक काळजी घ्या. अशा पॅकेजची फायरवॉल बसली की विंडोजची बाजूला होते. वर्षाने मुदत संपते, नूतनीकरण राहून जातं आणि नक्की काय चालू आहे, काय बंद, हे घरात कुणालाच माहीत नसतं. तुमच्या कॉम्प्युटरवर असं जुनं, मुदत संपलेलं काही पडून असेल तर ते काढून टाका आणि विंडोजची फायरवॉल चालू झाली का ते पुन्हा बघा. मॅक वापरणाऱ्या वाचकांसाठी एक वाक्य: मॅकमध्ये फायरवॉल असते पण मुळात बंद असते, ती सिस्टीम सेटिंग्जमधल्या नेटवर्कखाली सापडते. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर चालू करा.

हजार रुपये वाचले, ते कुठे घालायचे? मागे जे आउटगोइंग म्हटलं, त्याचं उत्तर यातच आहे. विंडोजची फायरवॉल आतून बाहेर जाणारं फारसं अडवत नाही. तुम्ही स्वतः एखादा प्रोग्राम चालवलात तर तो बाहेर कुणाशीही बोलू शकतो. म्हणून 'थकीत बिल' नावाने आलेली झिप फाइल उघडून तिच्यातला प्रोग्राम तुमच्याच हातून चालला, तर फायरवॉल काही करत नाही. हिशेब लिहिणाऱ्यांना अशी मेल मुद्दाम पाठवली जातात, कारण बिल दिसलं की उघडणं हे तुमचं कामच आहे. महावितरणच्या नावाने येणारा, आज रात्री वीज तोडणार म्हणणारा मेसेज, केवायसी संपल्याचा फोन, मग 'ताई, हे अ‍ॅप घ्या आणि त्यावर दिसणारा नंबर सांगा' ही पद्धतही तशीच. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही मुळात दुरून मदत करण्याची प्रामाणिक साधनं आहेत, पण ती आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे फायरवॉल त्यांना सहसा अडवत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, तरी आजही तोच प्रकार चालू आहे. तुम्ही स्वतः फोन करून बोलावलेल्या ओळखीच्या माणसाशिवाय तो नंबर कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर वाट न बघता 1930 वर फोन करायचा, पहिल्या तासाभरात केला तर रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. कॉम्प्युटरमध्ये काही शिरल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तपासणीची साधनं फुकट मिळतात. सर्ट-इन ही संस्था 2017 पासून ते चालवते.

फायरवॉलपेक्षाही मला तुमच्या पत्रातली एक ओळ जास्त खटकली, ती म्हणजे विंडोज 10. तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंत, ते वाढवून मिळतात, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. ते आजच करा. ब्लास्टर आणि वॉनाक्राय दोघांच्याही बाबतीत अपडेट आधी आला होता आणि ज्यांनी घेतला त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ते त्या फटीतून शिरू शकले नाहीत, हे तुम्ही वर वाचलंच आहे. कॉम्प्युटर फार जुना असेल तर विंडोज 11 त्यावर रीतसर बसणार नाही, तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. पोटापाण्याचं काम ज्यावर चालतं तो कॉम्प्युटर बदलण्यासाठी आत्तापासून पैसे बाजूला टाकायला लागा.

आणि वाचलेल्या हजारातून दोन चांगले पेनड्राइव्ह घ्या, तापकीर गल्लीत गेलात तरी पावती देणाऱ्या दुकानातूनच. हिशेबाचा डेटा फारसा मोठा नसतो. शनिवारी एकावर बॅकअप, पुढच्या शनिवारी दुसऱ्यावर, आणि बॅकअप झाला की पेनड्राइव्ह काढून कपाटात. लावूनच ठेवलात तर रॅन्समवेअर त्यावरच्या फाइलीही घेऊन जाईल. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा, न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नका.

राहिला राउटर आणि मुलगा. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो सगळे बदलतात. दुसरा त्याच्या सेटिंग्जच्या पानाचा, जो कंपनीने दिला तसाच राहतो, बऱ्याचदा 'अ‍ॅडमिन' आणि पुन्हा 'अ‍ॅडमिन'. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने अशा साठेक ठराविक पासवर्डच्या जोड्या घेऊन जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. वर सिस्टीम लॉगमध्ये 23 हा आकडा सारखा दिसतो असं म्हटलं, तो त्याच जातीच्या प्रोग्रामचा. तेव्हा राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून तो पासवर्ड बदला, बाहेरून राउटर चालवण्याची सोय म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट' बंद आहे का बघा, आणि फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेट आला असेल तर घ्या.

मुलाची तक्रार खोटी नाही. गेममध्ये त्याला 'नॅट टाइप: स्ट्रिक्ट' असं काहीतरी दिसत असेल आणि मित्रांशी जोडणी होत नसेल. पण ती अडचण बहुतेक वेळा राउटरच्या नॅटची असते, विंडोजची फायरवॉल बंद करून ती सुटतही नाही. आणि फायरवॉलच अडवत असेल तर त्या एका गेमला परवानगी देता येते: 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'च्या त्याच पानावर प्रोग्रामला परवानगी देण्याची ओळ आहे. त्याने त्याच्या लॅपटॉपवर तेवढं करावं. तुमच्या कॉम्प्युटरवर मात्र त्याने खेळू नये, आणि खेळायचंच असेल तर त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं वेगळं खातं करून द्या. गेमची चोरटी प्रत आणि जिंकून देणारे 'चीट' यांच्या पोटात पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास असतात, आणि तो जे डाउनलोड करतो ते आउटगोइंगच्या वाटेने येतं, म्हणजे फायरवॉलला न विचारता. हे त्याला रागावून सांगू नका. दुकानदारांच्या फाइली आईच्या कॉम्प्युटरवर का आहेत, त्या गेल्या तर काय होईल, हे नववीतल्या मुलाला नीट समजतं. राउटरचं पान उघडायला, पासवर्ड बदलायला आणि प्रिंटर वायफायवर घ्यायला त्यालाच शेजारी बसवा. नवा पासवर्ड वहीत लिहून ती वही तुमच्याजवळ ठेवा. हे करताना कुठे अडलं तर राउटरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून पुन्हा पत्र पाठवा. पासवर्ड मात्र त्यात लिहू नका.